कोशाचं पथ्य

मी आठवीत शाळा सोडली ती एका पुस्तकापायी. जिवतीच्या डोंगरावर आमची वस्ती, आणि शाळा दोन नाले ओलांडून पलीकडे. शाळेतून वाचायला आणलेलं पुस्तक नाल्यात पडलं. मी ते चुलीजवळ वाळवलं, तर पानं फुगून पावासारखी झाली. आता हे परत कसं द्यायचं, या भीतीनं मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. कापूस वेचायचे दिवस होते, घरीही कुणी का म्हणून विचारलं नाही. दिवाळी झाली आणि माझी शाळा संपली.

हे सांगायचं कारण असं, की पुढं प्रत्येक कामात मी हेच केलं. राजुऱ्याकडं जिनिंगमध्ये होतो, तिथं माझ्या हातून रुईचा ढीग भिजला. मालकानं विचारायच्या आत मी बसमध्ये होतो. चंद्रपुरात बेकरीत दीड वर्ष काढलं. तिथला मालक मुसलमान, फार चांगला माणूस. दर शुक्रवारी मला घरचं जेवण द्यायचा, आणि "बेटा, हात जपून," असं भट्टीजवळ दिवसातून चारदा म्हणायचा. एका सकाळी टोस्टची सगळी खेप माझ्यामुळं करपली. तो नमाजाहून यायचा होता. मी ॲप्रन खुंटीला अडकवलं आणि निघालो. मग पंक्चरचं दुकान. मग रस्त्याचं काम. बोट माझ्याकडं वळायच्या आधी मी फाटकाबाहेर. लोक म्हणायचे, याच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी नव्हती, भीती होती.

रस्त्याच्या कामावर, सिंदेवाहीच्या अलीकडं, मला बायको भेटली. ती तिच्या मावशीबरोबर कामाला आली होती. बारावी झालेली, आणि बोलण्यात माझ्यापेक्षा दहा पावलं पुढं. मी "मला पाणी दे" म्हणालो तर ती सगळ्यांना ओरडून सांगायची, "पाहा वो, पुस्तकातला मानूस आला, मला मला करून राह्यला!" आमचं मराठी डोंगरावरचं, मराठवाड्याकडून आलेलं, त्यांचं झाडीपट्टीतलं, जिथं 'मला'ला 'मले' म्हणतात. लग्नाचं ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी मला फक्त एक विचारलं. "जवाई, तू टिकशीन का?"

मी म्हणालो, "टिकतो मामाजी."

सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो. ते हसले नाहीत. त्यांना मुलगा नव्हता. आम्ही त्यांच्याच घरी, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तलावाकाठच्या गावी राहायला गेलो. घरजावई म्हणून गावानं व्हायची तेवढी चेष्टा केली. मला धान रोवणं जमेना, तलावात जाळं फेकता येईना. जाळं फेकलं की ते गोल उघडायचं सोडून माझ्याच डोक्यावर पडायचं. डोंगरावरच्या माणसाला एवढं पाणी कुठून माहीत असणार? आई फोनवर विचारायची, "कवा येतूस?" मी म्हणायचो, येतो, येतो. दोन्हीकडं मी येतोच म्हणत होतो, आणि धड कुठंच पोचलो नव्हतो.

मुलगी झाली. ती आठ महिन्यांची असताना, पोळा होऊन गेल्यावर, मामाजी म्हणाले, "औंदा कोशाले चाल."

टसर रेशमाचा कोसा घरात होत नाही. ऐनाच्या झाडांवर, उघड्या जंगलात अळ्या वाढवायच्या. अंडी फुटली की काळ्या मुंगीएवढ्या अळ्या पानांच्या द्रोणातून झाडावर सोडायच्या, आणि पुढचे चाळीसेक दिवस त्या चार वेळा झोपून, चार वेळा कात टाकून हाताच्या अंगठ्याएवढ्या हिरव्यागार होईपर्यंत राखण करायची. मुंग्या, गांधीलमाशा, पाखरं, खारी, माकडं, सगळ्यांना त्याच हव्या असतात. एका झाडाचा पाला संपला की फांद्या अळ्यांसकट कापून दुसऱ्या झाडावर नेऊन बांधायच्या. मामाजी त्यांना अळ्या म्हणत नसत, पोट्टे म्हणत, म्हणजे पोरं. "पोट्टे झोपले आता. हालवू नोको."

आणि पथ्य. पहिल्या दिवशी नारळ फोडून पूजा झाली, ती मामाजींनीच केली, कारण त्या भागातल्या पाच राखणदारांत तेच मोठे. मग त्यांनी मला नियम सांगितले. पायात चप्पल नाही. तेल नाही, साबण नाही, दाढी-कटिंग नाही. मटण नाही, मासोळी नाही. तलावाकाठच्या माणसानं चाळीस दिवस मासोळी सोडायची म्हणजे काय, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आपलं आपण रांधायचं. घरच्या कुणाला शिवायचं नाही. शिवलं तर पोट्टे मरतात.

"बायकोलेही नाई?" मी विचारलं. तोवर माझी भाषा बरीच वळली होती.

शेजारच्या पट्ट्यात सगळे ज्यांना भाऊ म्हणत ते राखणीला होते, मामाजींपेक्षा थोडे लहान, जिभेनं तिखट. ते म्हणाले, "बायकोले तं अजिबात नाई. नाल्याच्या अलीकडून पाहाची. पाहाले बंदी नाई, जवाई. पाहून पाहून पोट भर."

बायको दर तिसऱ्या दिवशी तांदूळ-डाळ-मीठ घेऊन यायची. नाल्यापलीकडच्या दगडावर गाठोडं ठेवायची आणि मागं सरायची. मग मी नाला ओलांडून ते उचलायचो आणि परत यायचो. मग दोघं दोन काठांवरून ओरडून बोलायचो. "दात आला तिले!" "कुठला?" "खालचा, अजून कुठला!" आमचं सगळं संसारातलं बोलणं त्या जंगलानं ऐकलं. पलीकडच्या पट्ट्यातून भाऊंचा आवाज यायचा, "वरचा आला का सांगजो वो!"

मला एका जागी बसणं जमत नाही. राखण म्हणजे तर बसणंच. गुलेल हातात, मान वर, आणि कान पाखरांकडं. मी झाडाखाली येरझारा घालायचो. मामाजी म्हणायचे, "जवाई, तुह्या चालन्यानं झाडाखाली पायवाट पडली." खरोखर पडली होती. तरी दिवस मोजत मी तिसऱ्या कातीपर्यंत आलो होतो. मनात म्हणत होतो, हे एक काम पुरं करायचं. पुरं केलं की आपण टिकलो.

एका दुपारी बायको आली ती गाठोड्याशिवाय. मुलगी खांद्यावर. नाल्याला वरच्या पावसाचं पाणी आलं होतं. तिनं ओरडून सांगितलं की पोरीला सकाळपासून ताप आहे, दूध टिकत नाही, पाय ताठ करते आहे, तिची आई भावाच्या घरी तेराव्याला गेली आहे, आणि आमच्या काठानं गेलं तर डांबरी रस्ता जवळ पडतो, तिथून दवाखान्याची गाडी मिळेल. ती पाण्यात उतरायला लागली. एक पाय घसरला.

मी धावलो. मधोमध जाऊन मुलीला घेतलं. अंग असं तापलेलं, की तव्यावरून उतरवलेली भाकर छातीशी धरावी. तिला मी थेट रस्त्यापर्यंत नेलं, अर्धा तास, अनवाणी. वाटेत ती माझ्या खांद्यावर ओकली. गाडी मिळाली. बायको म्हणाली, "तुम्ही जा. पोट्टे एकटे आहेत." ती गाडीत बसली आणि मी परत फिरलो.

मामाजी वरच्या झाडांवर होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. मी नाल्यात डुबकी मारली, सदरा पिळून परत तोच घातला. झाडाशी आलो तर बुंध्यावरून लाल मुंग्यांची रांग चढत होती. दुसरी आंघोळ, धूप, काहीतरी करायला हवं होतं बहुतेक. मी त्याच हातांनी मुंग्या झटकल्या, त्याच हातांनी अळ्या उचलून वरच्या पानांवर ठेवल्या. संध्याकाळी मामाजींनी विचारलं, "सगळं बरं?" मी म्हणालो, "हाव."

मुलगी दोन दिवसांत बरी झाली. तिसऱ्या दिवशी नाल्यापलीकडून बायकोनं तिला उंच धरून दाखवलं.

पाचव्या दिवशी पोट्टे पडायला लागले.

आधी खाणं कमी झालं. मग दिसलं की एकाच झाडावर काही बोटाएवढे, काही करंगळीच्या नखाएवढेच राहिलेत. मग अंगावर काळे ठिपके, कुणी मिरीपूड भुरभुरावी तसे. सकाळी झाडाखाली पंधरा-वीस पडलेले असायचे, मऊ, हलत असलेले, आणि मुंग्या त्यांना ओढत असायच्या. भाऊंच्या पट्ट्यातही तेच. ते आले, खाली बसून एक अळी काडीनं उलटी केली आणि म्हणाले, "कोनीतरी पाळलं नाई." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. कुणाकडंच पाहिलं नाही.

माझी पिशवी तशी तयारच असायची. टॉवेल, एक पँट, आधार कार्ड. मनात मी गाड्यांच्या वेळा लावत होतो. सकाळची गाडी, मग चंद्रपूर, तिथून गडचांदूर, वर डोंगर. बायकोला नंतर फोन करू. काय सांगू, ते नंतर बघू. माझं सगळं आयुष्य त्या नंतर-बघूवर चाललं होतं. फक्त या वेळी मागं ॲप्रन राहणार नव्हतं, एक दात आलेली मुलगी राहणार होती.

त्या सकाळी मामाजींनी हाक मारली. खालच्या बाजूची चार झाडं अजून धड होती, पण पाला संपत आला होता, त्यांवरचे पोट्टे आजच हलवायला हवे होते. ते वर चढून फांदी कापायचे, मी खाली दोन्ही हातांनी झेलायचो. अशी फांदी जमिनीवर ठेवता येत नाही, मुंग्या चढतात. झटका देता येत नाही, पोट्टे पडतात. दोन्ही हातांत सरळ धरून, पाळण्यातलं मूल नेल्यासारखं नव्या झाडापर्यंत चालायचं.

मोठी फांदी माझ्या हातांत आली. पन्नासेक अळ्या असतील, हिरव्या, निरोगी. पानं कुरतडल्याचा बारीक आवाज येत होता. मामाजी वरूनच बोलले.

"मी ठरोलं जवाई. सांजीले पाचही झनाले बसवतो आनि सांगतो, चूक माही आहे."

"तुमची?"

"मांगच्या हप्त्यात त्या खालच्या वस्तीतले मयतीहून येत होते. बिडी मांगतली तं मी देल्ली. हाताले हात लागला असन. मले तवाच वाटलं होतं." ते जरा थांबले. "पूजा मी केली, तं दोष मायाच. पुढच्या सालापासून कोशाले येनार नाई मी. सांगून टाकतो."

ते तीस वर्षं कोसा करत होते. ते खाली उतरायला लागले, आणि मला काही सुचेना. पळायचं तर हातांत फांदी. फांदी टाकायची तर पन्नास पोट्टे मातीत. आयुष्यात पहिल्यांदा मी जिथं होतो तिथंच उभा होतो, कारण माझे हात रिकामे नव्हते.

"मामाजी, तुमची नाही. माझी आहे." आणि मग सगळं सांगितलं. नाला, ताप, ओकारी, ओला सदरा, मुंग्या. सांगता सांगता फांदी एका बाजूला कलत गेली.

मामाजी खाली उतरून माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "फांदी वाकडी धरून राह्यला. सरळ धर."

मी सरळ धरली. आम्ही नव्या झाडापर्यंत चालत गेलो. त्यांनी फांदी सुतळीनं बांधली. मग विचारलं, "पोट्टीले ताप किती होता?"

"एकशे तीनच्या वर होता म्हणे."

"मले आवाज काऊन नाई देल्ला?"

ते सुतळीचं टोक चावत राहिले. मग म्हणाले, "पोट्टी नेली ते बरं केलं. सांगतलं नाई ते वाईट केलं. आता सांजीले तूच सांगशीन. मी नाई सांगनार तुह्यासाठी."

सांगितलं. पाच माणसं ऐनाखाली बसली होती, उजेड होता अजून. भाऊ म्हणाले, "वा गा जवाई. चाळीस दिवस बायकोले पाहून थकला का?" एकजण हसला. मामाजी हसले नाहीत. मला माफ केलं असं कुणी म्हणालं नाही. दंड ठरला: नवा नारळ, नवी पूजा, आणि उरलेले दिवस माझ्या पट्ट्याबरोबर भाऊंच्या पट्ट्याचीही राखण. भाऊ उठता उठता म्हणाले, "ताप उतरला ना पोट्टीचा? मंग बस झालं. मुंग्या पाह्यजो माह्या झाडाच्या, डॉक्टर." त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी डॉक्टर.

पीक अर्ध्याहून जास्त गेलं. तरी उरलेल्यांनी पानं ओढून घेतली आणि कोष केले, देठासकट फांदीला पक्के. मी ते तोडताना मामाजी म्हणाले, "निम्मे तं निम्मे." त्यांना मी कधी सगळं ठीक होईल असं म्हणताना ऐकलं नाही. ते फक्त दुसऱ्या दिवशीची फांदी बघून ठेवतात. मला ते अजून जमत नाही. मी आधी सगळ्या वाईट गोष्टी मोजून घेतो, मगच उठतो. पण उठतो.

घरी परत आल्यावर मी बेकरीच्या मालकाला फोन केला. इतक्या वर्षांनी. नंबर तोच होता. म्हणालो, टोस्ट माझ्यामुळं करपले होते. ते म्हणाले, "कौनसे टोस्ट?" मग म्हणाले, "अरे, मुझे लगा तू बीमार पड गया. दो दिन अस्पताल में ढूंढा तुझे." मी फोन ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

दोन वर्षांनी कोशाचं बी, म्हणजे अंडी, तपासायचं प्रशिक्षण निघालं. आठवी शिकलेला चालेल का, हे विचारायला बायकोच गेली, मला लाज वाटत होती. चाललं. तिथं सूक्ष्मदर्शकातून पाहायला शिकलो. कोषातून निघालेल्या पाखराचं, म्हणजे पतंगाचं, अंडी घालून झालं की त्याचं पोट खलात कुटायचं, थेंब काचेवर घ्यायचा आणि पाहायचं. रोगी पाखरात तांदळाच्या कणीसारखे चकचकीत, लांबट दाणे दिसतात. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हा रोग आईकडून अंड्यात येतो. अळ्या लहानमोठ्या राहतात, अंगावर मिरीसारखे ठिपके पडतात. मी वही बंद केली.

म्हणजे ते माझ्या हातांनी झालं नव्हतं. निदान सुरुवात तरी नाही. बसमधून येताना मला नाचावंसं वाटत होतं. मूल गावच्या स्टँडवर चहा पिताना दुसरी गोष्ट लक्षात आली आणि चहा तसाच राहिला. त्या वर्षीचं बी मामाजींनी घरच्या कोषांतून स्वतः निवडून ठेवलं होतं. आणि भाऊंनाही त्यांनीच दिलं होतं.

मी सांगितलं नाही. माझी सुटका होत होती, पण त्यांना अडकवून. चार वर्षं सांगितलं नाही. पुन्हा तोच मी, तेच तोंड बंद. फरक एवढाच की या वेळी पळालो नव्हतो. त्यांच्याच ताटाशेजारी ताट मांडून जेवत होतो, आणि रोज वाटायचं, आज सांगू.

आता मी गावोगावचं बी तपासतो. पोरगी शाळेत जाते. तिचं पुस्तक भिजलं की मी स्वतः शाळेत जातो, असं बायको लोकांना हसत सांगते. यंदा पावसाळा लागताना मामाजी आपली मादी पाखरं घेऊन आले. प्रत्येकीची अंडी वेगळ्या मातीच्या वाटीत, वर नंबर. "पाह्य," म्हणाले आणि स्टूल ओढून बसले.

पहिल्याच काचेत कण्या चमकल्या. मी दुसरा थेंब घेतला, तेच. मान वर करायला मला फार वेळ लागला.

"मामाजी, हे जाळावं लागतं."

"दाखव."

त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं. बराच वेळ. त्यांना काय दिसलं असेल माहीत नाही. डोळा न काढताच म्हणाले, "त्या सालीही हेच होतं का?"

आता पळायला जागा होती. दार उघडं होतं, हात रिकामे होते.

"त्या वर्षीचं पाखरू कुणी तपासलं नव्हतं," मी म्हणालो. "पण ठिपके असेच होते. मला चार वर्षांपासून वाटतं."

"चार."

"हो."

मामाजी सरळ बसले. चेहरा राखणीच्या वेळचा, काही सांगत नसलेला. "तवा माह्याच घरचं बी होतं," ते म्हणाले. "भाऊलेही मीच देल्लं." मी काहीतरी बोलायला गेलो, तर त्यांनी हात वर केला. "राहू दे. भाऊले मी सांगतो. तू नोको सांगू माह्यासाठी."

पहिली वाटी त्यांनी स्वतः उचलून जाळायच्या डब्यात रिकामी केली. मग वाकून उरलेल्या वाट्यांवरचे नंबर वाचू लागले. एकोणचाळीस होत्या. मला वाटलं, आता उठतील, घरी जातील, पुन्हा म्हणतील की कोशाले येनार नाई.

त्यांनी दोन नंबरची वाटी माझ्यापुढं सरकवली.

"पाह्य," म्हणाले. "हे चांगलं निघू शकते."

मी काच धुतली.